फूल आलं की निघणार

३ फेब्रुवारी १९८५, रविवार

नवा चष्मा काल मिळाला. भिंगं एवढी जाड की वैशाली म्हणाली, "आबा, तुमचे डोळे आता बाहेर येऊन बघतात." मोतीबिंदू काढल्यावर असलाच चष्मा मिळतो म्हणे. सगळं आहे त्यापेक्षा मोठं आणि जवळ दिसतं. सकाळी कपाचा कान धरायला गेलो तर बोटं हवेतच मिटली. पण अक्षर स्वच्छ दिसतं, म्हणून ही वही उघडली.

वही म्हणजे जावयांच्या कंपनीत गेल्या वर्षी वाटलेली डायरी. कोरीच पडून होती. तारखा बरोबर आणि वार चुकलेले. आजच्या पानावरचा शुक्रवार खोडून मी रविवार केला. तीस वर्षं माणगावच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होतो, त्यामुळे चुकलेल्या वेळा दुरुस्त करायची हाताला सवय आहे.

नेरूळला येऊन दोन महिने होत आले. ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, चष्मा आला. आता इथे बसून राहायला काही कारण उरलं नाही. बाप लेकीच्या घरी पाहुणा म्हणून शोभतो, मुक्कामाला शोभत नाही. आमची जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. मी तर दोन वेळा जेवतो आणि वर बोंबलाचं कालवण मागून घेतो.

वैशाली काही बोलायची नाही, ती माझीच आहे. प्रश्न जावयांचा. धर्मराज माणूस वाईट नाहीत, पण बोलत नाहीत. मोजकं बोलतात म्हणावं तर मोजायलाही काही नसतं. महाप्याच्या कारखान्यात पाळीला जातात, येतात, जेवतात, पेपर वाचतात. अशा माणसाच्या मनात काय चाललंय ते कसं कळणार? सासरा कधी जातो, हेच असणार. त्यांच्या जागी मी असतो तर माझ्याही मनात तेच असतं.

पुढच्या रविवारी निघायचं ठरवलं.

९ फेब्रुवारी, शनिवार

बॅग भरून दाराशी ठेवली होती. संध्याकाळी वैशाली कचेरीतून आली ती ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. तिच्या कचेरीत भागीरथीबाई म्हणून आहेत, त्यांनी आपल्या घरच्या वेलीच्या काड्या दिल्या होत्या. पानं बदामाच्या आकाराची, जाडजूड, रसाने भरलेली. देठही तसेच मऊ आणि फुगीर. थेट आपल्या घोळीच्या भाजीची शहरात शिकायला आलेली बहीण. डब्यात लावून टांगायची, मग ती खाली लोंबते. इंग्रजी नाव होतं, ते वैशाली वाटेत विसरली.

"आबा, तुमी लावून द्या ना. माझ्या हाताला गुण नाय. मनीप्लँटपण जगला नाय माझ्याकडं."

"मी उद्या निघतोय."

"हिला लालगुलाबी फुलं येतात म्हणे, एवढीएवढीशी. एक फूल बघून जा. आईला किती हौस होती फुलांची."

वेणूबाईचं नाव मध्ये आणलं की माझं काही चालत नाही, हे या पोरीला लहानपणापासून ठाऊक आहे. वेणूबाईला जाऊन आता दीड वर्ष झालं. तिने लावलेली अबोली अजून परसात आहे, पुतण्या पंढरी तिला पाणी घालतो.

जेवताना धर्मराज एकदम म्हणाले, "मामा, जायचं कधी ठरलं मग?"

घ्या. मनातलं ओठावर आलं शेवटी. मीही मग ठामपणे सांगितलं, "फूल आलं की निघणार." असं आम्हा तिघांत ठरलं. धर्मराजांनी मान हलवली आणि ताटावरून उठून त्या काड्यांकडे बराच वेळ बघत राहिले. एवढ्याशा काड्यांत बघण्यासारखं काय होतं कोण जाणे.

११ फेब्रुवारी, सोमवार

डालड्याच्या मोठ्या डब्याला धर्मराजांनी खिळ्याने भोकं पाडून दिली. बुडाला, आणि टांगायची तार ओवायला काठाला. गॅलरीच्या छताला हूकही त्यांनीच ठोकला. इतकी मदत! पाहुणा लवकर जावा म्हणून माणूस स्वतः त्याची ट्रंक स्टँडवर नेतो, त्यातला प्रकार.

मी शिरवण्याच्या बाजूला चालत गेलो आणि शेताच्या बांधावरची माती घेऊन आलो. चिकण, काळी, भाताची माती. हातात घेतल्यावर बरं वाटलं. गॅलरीत वेल लावली, वर दोन तांबे पाणी. आमच्याकडे रोपाचे पाय पाण्यात असल्याशिवाय त्याला रोप म्हणत नाहीत.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

वेल जोरात आहे. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या. दुपारी ऊन फार वाटलं तर अर्धा. पानं टचटचीत फुगली आहेत. वैशाली म्हणते जास्त होतंय. तिला भातलावणीतलं काय कळतं? शाळेत होती तेव्हा लावणीच्या दिवसांतच हिचं पोट दुखायचं.

१ मार्च, शुक्रवार

वेल गेली.

परवापासून पानं पिवळी पडत होती. मला वाटलं तहान, म्हणून आणखी पाणी दिलं. आज सकाळी हात लावला तर देठ बुडापासून चिखलासारखा हातात आला. पानं काचेसारखी झाली आणि टपाटप गळली.

चांगुणाबाई मासे घेऊन आल्या होत्या. त्या शिरवण्याच्या, आठवड्यातून दोनदा आमच्या जिन्यात हाक देतात. त्यांनी टोपली टेकवली आणि वर बघून विचारलं, "काका, ही भाजी हाय का फूल हाय?"

"फूल होती."

"आवरं पानी? खारीतली निवटीपन बुरून मरंल रं काका!" आणि खो खो हसल्या. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातच राहणारी मासळी.

खरं ते लिहितो. वही माझी, वाचणारा मीच. वेल मेलेली पाहिली तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते असं की, चला, आता फूल लांबलं. आणि हायसं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली. लेकीच्या घरात राहायला मिळावं म्हणून म्हातारा मेलेल्या झाडावर खूश होतो, हे काय वय आहे का? हवंहवंसं वाटणं हीच तर चुकीची गोष्ट आहे. इथे मला फार बरं वाटतं. गॅलरीतून खाडी दिसते, सकाळी बगळे उतरतात, वैशाली केस विंचरताना गुणगुणते. माणगावच्या घरात भांडं पडलं तर तेवढाच आवाज.

३ मार्च, रविवार

सगळी गेली नव्हती. टोकाकडच्या चार-पाच काड्या धड होत्या. भागीरथीबाईंनी वैशालीबरोबर निरोप धाडला आहे. काड्या कापून सावलीत नुसत्या ठेवा, जखम सुकू द्या, मग लावा. माती भुसभुशीत हवी. पाणी माती कोरडी झाल्यावरच.

झाड आधी वाळवायचं आणि मग लावायचं! हे आमच्या गावात सांगितलं तर लोक डोळ्यांचं नव्हे, डोक्याचं ऑपरेशन झालं म्हणतील. पण एकदा हात पोळला आहे, तेव्हा गप्प बसून ऐकलं.

धर्मराज सकाळीच बाहेर पडले आणि शेजारच्या सेक्टरात बांधकाम चाललंय तिथून पिशवीभर रेती आणि विटांचा चुरा घेऊन आले. रविवारची झोप मोडून! मी म्हटलं, "अहो, कशाला त्रास घेतलात?" तर म्हणाले, "लागली पाहिजे ना." घाई आहे माणसाला.

१० मार्च, रविवार

लागली. एका काडीला टोकाला नवी पानं, मोहरीएवढी. या चष्म्यातून ती वाटाण्याएवढी दिसतात, त्यामुळे आनंदही वाटाण्याएवढा झाला. तांब्या मी स्वयंपाकघरात उंच फळीवर ठेवून दिला आहे. हात शिवशिवतो.

१७ मार्च, रविवार

काल एक वाईट गोष्ट झाली. धर्मराज पहिल्या पाळीला असले की दुपारी साडेतीनच्या सुमाराला येतात. वैशाली कचेरीत. मी दार लोटून ठेवतो, आत चहाचं आधण ठेवतो, हात रिकामे असतात म्हणून. काल ते आले, चपला काढल्या, चहा घेतला आणि खाली बघत म्हणाले, "दार उघडं असतं."

मी म्हटलं, "हो, असतं."

"पहिलं कुलूप काढून यावं लागायचं," असं म्हणून आत गेले.

इतका शांतपणे मारलेला टोमणा मी तीस वर्षांत एस.टी.च्या कुठल्या साहेबाकडून ऐकला नाही. बरोबरच आहे त्यांचं. नवी वस्ती, न्हावा-शेव्याला बंदर होणार म्हणून ट्रकवाले, मुकादम, कोण कोण येतं-जातं, आणि हा म्हातारा दार सताड टाकून बसतो. उद्यापासून कडी.

१८ मार्च, सोमवार

कडी लावली. धर्मराजांना बेल वाजवावी लागली. मी दार उघडलं तर माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं चष्म्याला काही लागलंय. चहा अर्धाच घेतला.

३१ मार्च, रविवार

वेल डब्याच्या काठावरून खाली उतरली. चारही बाजूंनी लोंबते आहे. खालून जाणारे वर बघतात. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई विचारून गेल्या की बाजारात कितीला मिळाली. मी म्हटलं, बाजारात नाही मिळत, आधी एकदा बुडवून मारावी लागते, मग मिळते.

आणि आज कळी दिसली. टोकाच्या दोन पानांमध्ये हिरवी, टाचणीच्या डोक्याएवढी. मी वैशालीला हाक मारली. ती आली, बघितलं, "छान" म्हणाली आणि लगेच आत गेली. दुधावर लक्ष होतं म्हणे. दूध सकाळीच तापवून झालं होतं.

रात्री जेवताना मी जाहीर केलं, "चार-पाच दिवसांत फूल." धर्मराजांनी भात दुसऱ्यांदा घेतला नाही.

२ एप्रिल, मंगळवार

कळी नाही! टोकच गायब. स्वच्छ, नखाने खुडल्यासारखं. आमच्या जिन्यातल्या मीटरच्या पेटीवर चिमण्यांनी घरटं केलंय, त्यांचंच काम. वैशालीला सांगितलं तर म्हणाली, "असेल. चिमण्या फार द्वाड असतात आबा." आणि तोंडाला पदर लावून खोकत आत गेली. हिला धुळीचा त्रास आहे, डॉक्टरला दाखवलं पाहिजे.

८ एप्रिल, सोमवार

खुडलं होतं तिथून दोन फांद्या फुटल्या. चिमणीने तोडलं एक, वेलीने दिले दोन. दोन्हींना कळ्या येतील असं दिसतं.

आणखी एक. धर्मराज पहाटे कामावर जायच्या आधी गॅलरीत जाऊन उभे असतात. बिडी ओढत असणार, सासऱ्याची भीड म्हणून लपून. ओढू देत बापडे. मात्र वास कधी येत नाही. डोळ्यांच्या ऑपरेशनने नाक जातं का, हे विचारायला हवं.

१४ एप्रिल, रविवार

जयंती. सकाळपासून निळ्या पताका, लाउडस्पीकर. वैशालीने पांढरी साडी नेसली, धर्मराजांनी पांढरा सदरा. तिघे मिरवणुकीला गेलो. गर्दीत मला दिसायला अडचण, कारण या चष्म्यातून कडेचं काही दिसत नाही. तर धर्मराजांनी सगळा रस्ता माझा दंड धरून ठेवला. बोलले अर्थात एक शब्द नाही.

परत येताना वैशालीने एक सांगितलं, ते मला माहीत नव्हतं. धर्मराज चौथीत होते तेव्हाच आई-वडील गेले. परभणीकडच्या वसतिगृहात वाढले. सुट्टीत सगळी पोरं घरी जायची आणि हे स्वयंपाक्याबरोबर राहायचे. लग्न ठरवताना आम्हाला आई-वडील नाहीत एवढंच कळलं होतं. मी ते स्थळाच्या बाजूला जमा धरलं होतं, लेकीला सासुरवास नाही म्हणून. आज ऐकून वाईट वाटलं.

घरी आलो तर दोन्ही कळ्या गेलेल्या. जयंतीच्या दिवशीसुद्धा चिमणीला सुट्टी नाही.

२३ एप्रिल, मंगळवार

चांगुणाबाईंनी घरचं जुनं जाळं आणून दिलं. "मासली धरताव तं चिमनी काय हाय," म्हणाल्या. मी ते डब्याभोवती पांघरलं आणि खाली गाठ मारली. आता बघू.

४ मे, शनिवार

बुद्धपौर्णिमा. खीर झाली. धर्मराजांनी दुसऱ्यांदा मागून घेतली, मला फार बरं वाटलं.

जाळ्याच्या आतली कळी गेली. जाळं फाटलेलं नाही. गाठ जागच्या जागी. गाठ माझी नाही असं एकदा वाटलं, कारण मी एस.टी.च्या टपावर सामान बांधायची गाठ मारतो आणि ही साधी होती. पण या भिंगांतून सरळ रेघ वाकडी दिसते, तिथे गाठीचं काय घ्या. वैशालीला म्हटलं, "चिमणी हुशार आहे." ती म्हणाली, "आबा, चिमणी फार गुणी आहे हो." खोकला अजून आहेच.

वेल मात्र अशी दाट झाली आहे की डबा दिसत नाही. दर वेळी एकाचे दोन. गॅलरीच्या कठड्याखाली हातभर लोंबते. फूल नाही म्हणून कुणाचं काही अडलेलं दिसत नाही.

माझंच अडलंय. मिरगाच्या आत गावच्या घराची कौलं चाळायला हवीत. आणि गेलो नाही तर गाव म्हणेल, शिवराम कंट्रोलर लेकीकडे कायमचा उतरला. उद्यापासून पहाटे पडद्यामागे बसून चिमणी पकडायची.

९ मे, गुरुवार

चिमणी सापडली. तिने निळा शर्ट घातला होता, खिशाला कंपनीचा बिल्ला होता, आणि तिला महाप्याला पहिल्या पाळीला जायचं होतं.

मी दाराच्या पडद्याआड स्टुलावर होतो. धर्मराज हातात चपला घेऊन, अनवाणी गॅलरीत आले. जाळ्याची गाठ सोडली. एकेक फांदी हातावर घेऊन बघितली, डॉक्टर माझा डोळा बघायचे तशी. तीन कळ्या होत्या. तीनही नखाने खुडल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवल्या. फेकल्या नाहीत. मग जाळं नीट ओढून पुन्हा गाठ मारली, साधी. आणि वेलीवरून एकदा हात फिरवला. खाली कंपनीच्या बसचा हॉर्न झाला तसे चपला पायात घालून गेले.

मी तिथेच बसून राहिलो. मला रडू आलं. डोळ्यांना ताण देऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलंय, पण हे त्यांना विचारून येत नाही. या घरात मला जा म्हणणारा मी एकटाच होतो.

मग ही वही उघडून मागची पानं वाचली. सतरा मार्च. "दार उघडं असतं." तो टोमणा नव्हता रे, शिवराम. आयुष्यभर कुलूप काढून घरात आलेला माणूस तुला सांगत होता की दार उघडं असलं की बरं वाटतं. आणि तू त्याला कडी लावलीस.

दुपारी कडी काढून ठेवली. दार लोटलं. आधण टाकलं. धर्मराज आले, दारात क्षणभर थांबले, चपला काढल्या. चहा पूर्ण घेतला. मी म्हटलं, "आज पुन्हा चिमणीने कळ्या नेल्या." ते बशीत बघत म्हणाले, "लई झाल्यात चिमण्या इकडं." त्यांचे कान लाल झाले होते. मी पुढे काही बोललो नाही. जे चाललंय ते बोलून बिघडायचं.

१८ मे, शनिवार

पंढरी आला, आंब्याची पेटी आणि एक पिशवी रिकामी घेऊन. रिकामी पिशवी माझ्या सामानासाठी. "काका, चला आता. लोक विचारतात. मी सांगून ठेवलंय, मिरगाआधी काका येतील."

"फूल आलं की निघणार आहेत आबा," वैशाली चटकन म्हणाली.

"कसलं फूल?"

तिने गॅलरी दाखवली. पंढरी शेतीतला माणूस, त्याने खालून वर वेल न्याहाळली. "हे तर खुडून खुडून वाढवलंय कुणीतरी. कोथिंबिरीसारखं. हात आवरा, आठ दिवसांत लाल होईल सगळं."

धर्मराज आंबे उतरवायला लागले. मी पंढरीला म्हटलं, "चिमण्या फार आहेत इकडे." तो म्हणाला, "मग घ्या शब्द. फूल आलं की ताबडतोब." मी शब्द दिला. दुसऱ्यांदा. तीस वर्षांत माझ्या स्टँडवरची गाडी मी विनाकारण रोखून धरली नाही, हे पंढरीला माहीत आहे. म्हणून तर घेतला त्याने शब्द.

पंढरी गेला आणि रिकामी पिशवी इथेच ठेवून गेला. दाराच्या खिळ्याला टांगलेली आहे. जेवताना समोरच दिसते.

२३ मे, गुरुवार

धर्मराजांना कंपनीने वापीच्या कारखान्यात धाडलं. दहा-बारा दिवसांचं काम. निघताना बॅग खांद्याला लावून गॅलरीत गेले, वेलीजवळ उभे राहिले. मी मागे होतो.

"मामा..."

"बोला."

त्यांनी एक फांदी बोटाने सरळ केली. मग म्हणाले, "लक्ष ठेवा हिच्याकडं," आणि वाकून माझ्या पाया पडले. सणाशिवाय कधी पडत नाहीत. मी काय बोलावं ते न सुचून म्हटलं, "पाणी कमीच घालीन." वा! तीस वर्षं माइकवर बोलणारा माणूस.

२६ मे, रविवार

सात कळ्या. मी मुद्दाम मोजत नव्हतो. या चष्म्यातून न मोजताच कळतात.

२८ मे, मंगळवार

सगळ्यात पुढची कळी फुगली आहे आणि तिच्या टोकाला लाल दिसू लागलं आहे. उद्या ऊन चढलं की उमलणार.

वैशालीने पाहिलं. गॅलरीत कपडे वाळत घालताना थांबली, बघितलं, आणि धुतलेला टॉवेल न पिळताच दोरीवर टाकला. आत आल्यावर म्हणाली, "आबा, गावाला मसाला न्याल ना बरोबर? यंदाचा चांगला झालाय." मी "हं" म्हटलं. एवढी मोठी झाली, पण रडू दाबताना हिची हनुवटी अजून लहानपणीसारखीच हलते.

दिवसभर विचार केला. शब्द मोडायचा नाही. शब्द मोडणाऱ्या माणसाला मी कधी जवळ केलं नाही. पण शब्द काय होता? फूल आलं की निघणार. कळी आली की निघणार, असं मी कुणालाही म्हटलेलं नाही. ना लेकीला, ना पंढरीला. कंट्रोलरला नियमाचं पुस्तक पाठ असावं लागतं.

गाव बोलेल. बोलू दे. गावाने वेणूबाई गेल्यावर दहा दिवस जेवण दिलं, उपकार आहेत. पण अकराव्या दिवशी मीच मला वाढून घेतलं, आणि ते ताट अजून तसंच आठवतं.

मला इथे राहायचं आहे. हे एवढं वाक्य लिहायला मला फेब्रुवारीपासून मे लागला.

२९ मे, बुधवार

पहाटे उठलो. चपला न घालता गॅलरीत गेलो. जाळ्याची गाठ सोडली. लाल टोकाची कळी चष्म्यातून बोराएवढी दिसत होती, हाताला लागेपर्यंत दोनदा बोटं हवेत मिटली. तिसऱ्यांदा सापडली. नख लावलं. बाकीच्या सहाही घेतल्या आणि बंडीच्या खिशात ठेवल्या. वेलीवरून हात फिरवला आणि गाठ मारली. माझी, टपावरच्या सामानाची.

खिळ्याची पिशवी काढून भाजी आणायला गेलो.

परत आलो तर वैशाली चहाचा कप हातात घेऊन गॅलरीत उभी. एकेक फांदी उचलून बघत होती. माझ्याकडे वळली.

"आबा, कळी कुठं गेली?"

"चिमणीने नेली."

"चिमणीने?" तिने कप कठड्यावर ठेवला. "आबा, चिमणी तर वापीला गेलीय!"

मी पिशवी खाली ठेवली. चष्मा काढून पुसला. म्हटलं, "मग काय झालं? एक ड्रायव्हर रजेवर गेला तर गाडी रद्द करतात का? बदलीवर दुसरी आली होती."